नाव नंतर कळवते

३ नोव्हेंबर, सोमवार

बायपास उघडला — आणि एकही पाटी नाही! फीत कापली, टाळ्या झाल्या, मंत्र्यांची गाडी झोकात निघाली आणि हरवली. मागे अख्खा ताफा. सभेला जायचं तर कुठल्या एक्झिटने उतरायचं हे ड्रायव्हरला कळेना. कळणार तरी कसं? दोन्ही बाजूंना सारखाच माळ, सारखेच कठडे. शेवटी ताफा धरणाच्या भिंतीपाशी जाऊन थांबला. पुढे पाणी होतं म्हणून थांबला, नाहीतर थांबलाही नसता. इकडे मांडवात आम्ही सगळे गुच्छ धरून उभे. माझ्या गुच्छाने तर मानच टाकली.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसात पाट्यांचं टेबल माझं.

"मॅडम, पाट्या कुठायत?"

"सर, एक्झिटना नावं कुठली द्यायची तेच ठरलेलं नाही. मी फाइल वर पाठवली होती, ती—"

"मग ठरवा की! मी थोडाच नको म्हणतोय?"

म्हणजे आता नावं मी ठरवायची. घरी सांगितलं तर नवरा हसतच सुटला. "तू? आपल्या मांजरीचं नाव ठरवता आलं नाही तुला. अजून मांजर म्हणूनच हाक मारतो आपण तिला."

खरं आहे. पण ती ओ देते!

५ नोव्हेंबर, बुधवार

जीप घेऊन बायपास पालथा घातला. एक्झिट आहेत एक, दोन, तीन आणि पाच. चार नाही! नकाशात आहे, जमिनीवर बांधायची राहून गेली. साहेबांना म्हटलं, पाचलाच चार म्हणू या. "छे! करारात पाच आहे." मग लोकांना मधली चार दिसणार नाही, त्याचं काय? साहेबांचा चेहरा उतरला. "लोकांना वाटेल चौथी आपण खाल्ली."

बराच वेळ पेपरवेट फिरवल्यावर त्यांनाच तोडगा सुचला. त्या जागी पाटी लावायची — 'निर्गम ४ नाही'. पाटीच्या साच्यात बाण असतोच, तो काढता येत नाही. म्हणजे बाण दाखवून सांगायचं की बघा, इकडे काही नाही.

'निर्गम' हा शब्द साहेबांचा. एक्झिट म्हटलेलं त्यांच्या कानाला टोचतं.

तीनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मोठा कारखाना येणार होता म्हणून एक्झिट बांधली. कारखाना काही आला नाही. रस्ता ऐटीत खाली उतरतो, छान वळण घेतो आणि दगडगोट्यांच्या माळावर जाऊन संपतो. एक बाभळ आणि एक कुत्रं. याला काय नाव देऊ? कुत्रं माझ्याकडे असं बघत होतं की जणू तेही हाच विचार करतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं उठलंय. एक्झिट दोनने उतरलं की दोन गावं लागतात. एक टेकडीवर, एक पायथ्याशी. वरचं गाव आणि खालचं गाव, सरकारदरबारीही तीच नावं. दोघांचे पुढारी आज एकाच वेळी माझ्या टेबलापाशी. मी बिचारीने कागदावर वर 'वरचे गाव' आणि खाली 'खालचे गाव' असं लिहून ठेवलं होतं.

खालचे भडकले. "म्हणजे आम्ही जन्मभर खालीच का?"

बरं, उलटं लिहिलं. तर वरचे म्हणाले, "खालचं वर आणि वरचं खाली? ड्रायव्हर काय डोक्यावर उभा राहून वाचणार?" मुद्दा अगदी बिनतोड होता, आणि तेच वाईट.

शेजारी शेजारी लिहिलं. तर बाण डावीकडे, म्हणून डावं नाव जवळचं वाटतं! मग दोन खांब, दोन वेगळ्या पाट्या. दोघंही खूश. जाता जाता वरचे वळले — "खांब सारख्या उंचीचे ना?" आणि खालच्यांनी खिशातून टेप काढली. लोक खिशात टेप घेऊन फिरतात!

९ नोव्हेंबर, रविवार

आत्याकडे गेले होते. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणून मुद्दाम गेले.

जुन्या रस्त्याच्या वळणावर तिची खानावळ. या वेळी ट्रकांची रांग असायची, हात धुवायला जागा नसायची. आज खुर्च्या टेबलांवर उलट्या. आत्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवत होती. ती कधीच उभ्याने जेवत नाही, आम्हांला तर ओरडायची. आई गेल्यावर मला आणि दादाला तिनेच वाढवलं, याच खानावळीत, याच टेबलांवर आमचे अभ्यास. स्वतःचं लग्न राहून गेलं. दादा परदेशात गेला. उरले मी. आणि मीच त्या रस्त्यावर नोकरीला, ज्याने तिची गिऱ्हाइकं पळवली.

"ये. बस. काय खाणार? सगळं आहे. खायलाच कोणी नाही."

"आत्या, सुरुवातीचे दिवस आहेत. लोक परत वळतील."

"कसे वळतील? कुठे वळायचं ते कोण सांगणार त्यांना? तू रस्ता बांधलास."

"मी नाही गं बांधला. मी फक्त नावं लिहिते."

"मग लिही की! पाचव्या एक्झिटवर लिही — खानावळ."

मी नियम सांगितला. जेवणाचं चिन्ह लावायचं, म्हणजे तो काटा-चमचा, तर खानावळीत बायकांचा आणि पुरुषांचा संडास वेगळा लागतो. आत्याकडे एकच.

"तर मग तसं लिही. जेवण चांगलं आहे, संडास एकच आहे. खोटं कुठे आहे त्यात?"

"आत्या, असं लिहिता येत नाही."

"चौथी नाही असं लिहिता येतं. कसं काय?"

कुठून कळलं हिला? तिनं ताट घासायला टाकलं आणि माझ्याशी बोलायचीच थांबली. निघताना डबा मात्र हातात कोंबला. न बोलता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बोर्डवाल्याला फोनवर मेसेज टाकला. एक : धरण. दोन : वरचे गाव, खालचे गाव, वेगवेगळे खांब. तीन : नाव नंतर कळवते. चार : नाही. पाच : जुना रस्ता.

हुश्श!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्या फोन उचलत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मेले. मेले. मेले!

पाट्या लागल्या. मी आठवडाभर तापाने अंथरुणात. आज पहिल्यांदा बघायला गेले. धरण — छान. दोन खांब — छान. आणि मग तीन. हिरवीगार, माझ्या स्वयंपाकघराएवढी पाटी, दोन भक्कम खांबांवर, पांढऱ्याशुभ्र अक्षरांत :

निर्गम ३
नाव नंतर कळवते

आणि खाली बाण!

कठड्यावरच बसले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, अक्षर झकास आलंय."

बोर्डवाल्याला फोन केला. तो तर भलताच आनंदात. "मॅडम, तुम्ही पाठवलंत तस्संच केलं! मला जरा वेगळं वाटलं, पण म्हटलं सरकारी काम आहे, आपण कशाला डोकं चालवा. बायकोकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. ती शाळेत शिकवते ना. म्हणाली एकही चूक नाही."

एकही चूक नाही!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. मला वाटलं फोडून काढतील. तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काढता येणार नाही."

"का, सर?"

"तपासणीत पास झालीय ती. अक्षरांची उंची बरोबर, रंग बरोबर, खांब सरळ, दिव्याचा उजेड पडला की चमकते. काढायची तर आधी नापास करावी लागेल. नापास केली तर पास कोणी केली ते निघणार."

"कोणी केली, सर?"

"मी."



२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनच्या पाटीखाली एक ट्रकवाला ट्रक लावून बसला होता. जीप थांबवून विचारलं, बिघाड झालाय का? "नाही हो, बाई कळवते म्हणाल्यात. म्हटलं थांबावं जरा."

पाचव्या एक्झिटवर एका म्हातारबुवांनी गाडी थांबवून मला विचारलं, "हे निर्गम केवढं मोठं गाव आहे हो? मघापासून चाललोय. निर्गम एक, निर्गम दोन... संपतच नाही."

मी साहेबांना सांगणार होते. पण म्हटलं जाऊ दे, एवढा एकच शब्द त्यांनी बायपासला दिलाय.

२ डिसेंबर, मंगळवार

बससेवेने तिसऱ्या एक्झिटला थांबा दिला! का दिला? पाटी आहे म्हणून. सगळ्या पाट्यांना थांबे दिले, चौथीला सोडून. कंडक्टर ओरडतो — "कळवते! चला, कळवतेवाले उतरून घ्या!" आणि माणसं उतरतात! कशाला उतरतात ते त्यांनाही ठाऊक नाही. पण बस थांबते म्हणून एकाने चहाची गाडी लावली, चहा मिळतो म्हणून आणखी लोक उतरले, लोक दिसले म्हणून पंक्चरवाला आला. मोबाइलच्या नकाशातही आलंय : कळवते.

नवरा म्हणाला, "तू माणसं वसवलीस. लोक आयुष्य घालवतात त्यासाठी." हसत होता, पण मला रडू आलं. रिकाम्या माळावर गर्दी आणि आत्याच्या खुर्च्या उलट्या! माझ्या हातून जे लिहिलं गेलं ते नको तिथे चाललं, आणि जे लिहायला हवं होतं ते नियमात बसलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

व्हायचं ते झालं. कुण्या सज्जनाने मुख्यालयात तक्रार केली. 'सरकारी फलकावर एक स्त्री बोलते. ती कोण, आणि अर्धवट का बोलते, याची चौकशी व्हावी.' चौकशी लागली. मुख्यालयातून अधिकारी येणार.

साहेबांनी दार लावून घेतलं. "मॅडम, बोर्डवाल्यावर ढकला. तो काय, बाहेरचा माणूस. त्याला काळ्या यादीत टाकू, विषय संपला."

"सर, त्याने मी लिहिलं तेच केलंय."

"तेच तर चुकलं ना त्याचं!"

मी नाही म्हटलं. आता निलंबन नाहीतर लांबची बदली. नवरा म्हणतो जाऊ कुठेही, मांजर घेऊन. पण आत्याकडे कोण बघणार? ती माझ्याशी बोलत नसली म्हणून काय झालं!

९ डिसेंबर, मंगळवार

चौकशी अधिकारी आले. उंच, वाळकेसे, इस्त्रीचा शर्ट, बॅगेत स्वतःचा पेला. लवकरच निवृत्त होणार आहेत. शिपाई म्हणाला, "घरी कोणी नाही म्हणे, म्हणून कामं उकरत बसतात." झालं! असाच माणूस मिळायचा होता.

माझा जबाब घेतला.

"सदर वाक्याचा कर्ता कोण?"

"मी, सर."

"म्हणजे पाटीवर तुम्ही बोलताय?"

"नाही सर, मी बोर्डवाल्याशी बोलत होते."

"पण पाटी तर रस्त्याने जाणाऱ्याशी बोलते. मग त्याच्याशी कोण बोलतंय?"

"मीच, सर. पण मला माहीत नव्हतं."

"नोंद घेतली." आणि खरंच घेतली, बारीक सुंदर अक्षरात.

१० डिसेंबर, बुधवार

चौकशी अधिकारी एकटेच जीप घेऊन जागा बघायला गेले. दुपार उलटली तरी पत्ता नाही. साहेब येरझारा घालताहेत. शेवटी आले, अगदी शांत. झालं असं — तिसरी एक्झिट पाटीच्या नादात चुकली ('नाव वाचता वाचता पुढे गेलो'), चौथी नव्हती, म्हणून पाचवीने उतरले. जुना रस्ता. भूक लागलेली. आणि वळणावर एक खानावळ.

देवा!

"तिथल्या बाईंनी आपल्याबद्दल बरीच माहिती दिली," ते मला म्हणाले. "आपल्या आत्या ना?"

मी मान हलवली. काय काय सांगितलं असेल तिने?

"त्या म्हणाल्या, लहानपणापासून ही अशीच आहे, सगळं नंतरवर टाकते. आणि असंही म्हणाल्या, की हिने आयुष्यात दुसऱ्याचं नाव पुढे करून स्वतःची मान सोडवून घेतली नाही. दोन्हींची नोंद घेतली."

घरी येऊन बराच वेळ रडले. बोलत नाही, फोन उचलत नाही, आणि परक्या माणसाला हे सांगते!

१५ डिसेंबर, सोमवार

अहवाल आज येणार होता. आला नाही. "काही बाबी अस्पष्ट आहेत. पुन्हा स्थळपाहणी करावी लागेल."

१६, १७, १८ डिसेंबर

स्थळपाहणी. स्थळपाहणी. स्थळपाहणी. हा माणूस मला मुळासकट उपटणार!

२० डिसेंबर, शनिवार

आत्याचा फोन आला! आपणहून! "येऊन जा," एवढंच.

गेले. खुर्च्या सरळ. खिडकीला नवे पडदे. मागच्या बाजूला विटा, वाळू आणि गवंडी — दुसरा संडास बांधणं चाललंय! "नियमात बसवायचंय ना," आत्या म्हणाली. नकाशा भिंतीला चिकटवला होता. बारीक सुंदर अक्षर. मी ते अक्षर लगेच ओळखलं. सगळं माप, दार कुठे उघडावं, हवा कुठून यावी, आणि खाली टीप : 'वापरणाऱ्यास रांग लागणार नाही अशी आशा.'

"आत्या, ते माझी चौकशी करताहेत! तू त्यांच्याकडून नकाशे काय काढून घेतेस?"

"मग? रोज येतात, जेवतात, बसतात. माणूस बसलाच आहे तर काम सांगावं."

"माझ्याबद्दल काय विचारतात?"

आत्या भांडी पुसत राहिली. "तुझ्याबद्दल? आता फारसं काही नाही विचारत."

म्हणजे सगळं विचारून झालंय! ती मात्र गुणगुणत होती.

२७ डिसेंबर, शनिवार

नवीनच. मंत्र्यांनी सुचवलंय — तिसऱ्या एक्झिटला त्यांच्या वडिलांचं नाव द्यावं. साहेब आनंदाने उड्या मारायचेच बाकी. नाव कळवलं की पाटी बदलता येते, पास-नापासचा प्रश्नच नाही!

पण तिकडे माळावर बातमी पोचली आणि माणसं खवळली. चहावाला, पंक्चरवाला, प्लॉटवाला (हो, आता 'कळवते येथे प्लॉट' अशी त्याची स्वतःची पाटी आहे), झाडून सगळे. "आम्ही कळवतेचे! आमचं नाव बदलायचं नाही!" जेमतेम महिन्याचं गाव, आणि अस्मिता बघा! मला पाठवलं समजवायला. मी म्हटलं, "अहो, ते नाव नाहीच आहे. नाव नंतर देणार असं लिहिलंय ते."

चहावाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता ते व्याकरण झालं. आम्ही इथे राहतो."

चहा पिऊन परत आले. चहा बरा करतो.

२ जानेवारी, शुक्रवार

कळवतेवाल्यांनी एक्झिटवर बैठक मारली. बससेवा बंद. मंत्र्यांनी माघार घेतली — त्यांच्या वडिलांना अशा माळावर बसवणं त्यांना आता अपमानास्पद वाटतंय.

चौकशी अधिकारी गर्दीतून वाट काढत पाचव्या एक्झिटकडे गेले. स्थळपाहणी.

८ जानेवारी, गुरुवार

झोप लागत नाही. जागरणाने डोळे सुजलेत. आज कँटीनमध्ये धीर करून विचारलंच, "सर, माझं काय होणार ते एकदा सांगून टाका. बदली व्हायची असेल तर व्हावी. पण माझ्या आत्याला माझ्याशिवाय कोणी नाही. तिला एकटं टाकून मला जाता येणार नाही, एवढं अहवालात लिहा."

त्यांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले होते.

"आपली काळजी... समजली," एवढं म्हणाले आणि उठून गेले. पेला टेबलावरच विसरले.

मी जास्त बोलले. आता नक्की बदली.

१९ जानेवारी, सोमवार

अहवाल आला!! साहेबांनी मोठ्याने वाचलं :

'फलकावरील मजकूर तपासला. "नाव नंतर कळवते" असे त्यात म्हटले आहे. नाव अद्याप कळवलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे. सबब मजकूर सत्य असून त्यात दोष आढळत नाही. कळवण्यास मुदत दिलेली नसल्याने विलंबही झालेला नाही. बोलणारी स्त्री ही आपले काम प्रामाणिकपणे करणारी कर्मचारी आहे. बोर्डवाल्याने आज्ञापालन केले. तक्रार निकाली.'

साहेबांनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आपण दोघं वाचलो!" आणि चक्क चहा मागवला, स्वतः!

शेवटी एक ओळ होती : 'निर्गम ५ येथे भोजनाचे चिन्ह लावण्यास हरकत नाही. दोन्ही संडास समक्ष पाहिले.'

बोर्डवाल्याला लगेच फोन केला. त्याची बायको मागून विचारत होती, काटा-चमच्यात शुद्धलेखन काय तपासायचं?

आत्याला फोन लावला. हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं पोटभर हसू ऐकलं. "मला माहीत होतं," म्हणाली. मी म्हटलं, तुला कसं माहीत? तर भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आत्याने लग्न केलं! चौकशी अधिकाऱ्यांशी! काल, रजिस्ट्रार कचेरीत. रीतसर महिनाभर आधी फळ्यावर नोटीस लावली होती — आमच्या ऑफिसच्या समोरच्याच इमारतीत. मी रोज तिथून जाते. नाही वाचली.

फोनवर ओरडलेच मी. "अगं, निदान साक्षीदार म्हणून तरी बोलवायचंस!" तर म्हणते, "तुला कशी बोलावणार? तू आरोपी होतीस."

मागून त्यांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, यापुढे सर म्हणायचं नाही."

मग काय म्हणू? चाळिशी आली, आणि आज मला आतोबा मिळाले.